नगर जिल्ह्यातलं सिलोन

मैत्रिणींनो, नगर जिल्ह्यात जाऊन आलं की शेजारणी विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. शिर्डीला गेला होतात का? शनिशिंगणापूर केलंत का? नेवाशाला पैसाच्या खांबापुढं डोकं टेकलंत का? दिवस उन्हाळ्याचे असले तर भंडारदऱ्याचं पाणी किती खाली गेलंय, हेही कुणीतरी विचारतंच. २०२४ साली जिल्ह्याचं नाव सरकारदप्तरी अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी हे याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं. पण मी ज्या दिवसांबद्दल सांगणार आहे, त्या दिवसांत सगळे ‘नगर’च म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते.

आज मी तुम्हाला नेणार आहे ते ठिकाण या यादीत नाही. तिथं एसटी जात नाही, नारळ-फुलांची दुकानं नाहीत आणि दर्शनाची रांग तर मुळीच नाही. नकाशावर पाहाल तर ते नगरहून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, समुद्रापलीकडं, कोलंबोत आहे. तरीपण वर्षानुवर्षं दर बुधवारी रात्री आठ वाजता ते नगर जिल्ह्यात हजर व्हायचं. माळीवाड्यात यायचं, प्रवरेकाठच्या उसाच्या मळ्यात यायचं आणि पाथर्डीकडच्या कोरड्या माळावरही यायचं. त्याचं नाव रेडिओ सिलोन.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ ऐकण्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? आहे बाई! कारण ते ऐकणं साधं नव्हतं, थोडं चोरटं होतं. आणि चोरून खाल्लेल्या कैरीची चव ताटात वाढलेल्या कैरीला कधी येत नाही, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

आधी हे केंद्र आलं कुठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैनिकांची करमणूक व्हावी, त्यांना बातम्या कळाव्यात, म्हणून कोलंबोला एक चांगलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र होतं. लढाई संपली, सैनिक घरी गेले आणि यंत्रं सिलोन सरकारच्या हाती आली. त्यांनी हिशेब केला. शेजारी भारतासारखा मोठा देश आहे, तिथल्या लोकांना गाणी हवीत आणि तिथल्या कंपन्यांना आपल्या मालाची जाहिरात हवी. मग काय, हिंदी सिनेमाची गाणी लावायची, मधे साबणाची, चहाची, टूथपेस्टची नावं घ्यायची आणि पैसे मिळवायचे. चोख व्यापार होता तो. १९७२ साली देशाचं नाव श्रीलंका झालं तरी आपल्या बायकांच्या तोंडी ‘सिलोन’च राहिलं. नगरचंही आज तसंच चाललंय म्हणा!

या व्यापाराला हातभार लावला तो आपल्याच एका मराठी मंत्र्यानं. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम. लोकांनी रागदारी ऐकावी, त्यांची अभिरुची वर जावी, अशी त्यांची तळमळ. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवर त्या गाण्यांना कात्री लागली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. त्यावरून निर्मात्यांशी बिनसलं, आणि बघता बघता सरकारी रेडिओवरून सिनेगीतं जवळजवळ नाहीशीच झाली.

याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, सिलोनवरून एक नवा कार्यक्रम सुरू झाला. टूथपेस्टच्या नावानं सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’. निवेदक होते अमीन सायानी, वय अवघं वीस वर्षांचं, तेही पुरं झालेलं नव्हतं. कार्यक्रमाची ध्वनिफीत मुंबईत तयार व्हायची, कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवर बसून पुन्हा आपल्याच देशात यायची. म्हणजे गाणी मुंबईची, आवाज मुंबईचा, ऐकणाऱ्या आपण, आणि वळसा मात्र समुद्रापलीकडून! माहेरचा निरोप सासरच्या माणसांना टाळून परसदारानं यावा, तसंच हे.

पण एवढ्या लांबचं गाणं नगरपर्यंत पोचायचं कसं? शाळेत भूगोलाच्या बाईंनी सांगितलं असेल, तरी उजळणी करू. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, म्हणून दिवसा ती जरा लांब गेली की थकते. लघुलहरी, ज्याला आपण शॉर्टवेव्ह म्हणतो, त्या मात्र वर आभाळात जातात. तिथं हवेचे विद्युतभारित थर असतात, त्यांच्यावर आपटून त्या शेकडो-हजारो किलोमीटर लांब खाली उतरतात. हे थर सतत हलते, बदलते. म्हणूनच सिलोनचा आवाज झोपाळ्यासारखा जवळ यायचा, लांब जायचा. ऐन अंतऱ्यात गाणं खरखरीत बुडायचं आणि ध्रुवपदाला वर यायचं. मधलं राहिलेलं आपण मनातल्या मनात म्हणून पुरं करायचं. गाणी पाठ होण्याचं खरं कारण हेच असावं.

चला, आता जिल्ह्यात फिरू.

पहिला मुक्काम नगर शहर. १४९० साली निजामशाहीच्या अहमद निजामशहानं वसवलेलं हे गाव. इथं भुईकोट किल्ला आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू त्यात कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी इथंच लिहिला. प्रवासी तो किल्ला बघतात आणि पुढं जातात. तुम्ही मात्र जुन्या गावातल्या पद्मशाली समाजाच्या वस्तीत डोकवा. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी तेलंगणाकडून आलेली ही विणकर माणसं. घरात तेलुगू, बाजारात मराठी. त्यांच्यातल्या कितीतरी बायकांनी विड्या वळून संसार केले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, टेंभुर्णीचं कातरलेलं पान, बोटात दोरा. हजार विड्या झाल्या की मजुरी. हात गुंतलेले, नजर गुंतलेली. मोकळा राहिला तो फक्त कान.

रेडिओचं मोठेपण मला इथं कळतं. सिनेमाला जायचं तर तीन तास काढावे लागतात, वर पैसे आणि परवानगी. पुस्तक वाचायचं तर हात थांबवावे लागतात. रेडिओ म्हणतो, तुमचं काम चालू द्या, मला फक्त कान द्या. आणि कानाचा हिशेब कोणती सासू, कोणता मुकादम ठेवणार? तेलुगू बोलणाऱ्या बाईनं मराठी गावात बसून, सिलोनवरून आलेलं हिंदी गाणं ऐकत विडी वळायची. आज आपण ‘जग जवळ आलं’ असं मोठ्या तोंडानं सांगतो. ते असं कधीच जवळ आलेलं होतं.

पुढचा मुक्काम प्रवरा खोरं. नगर-मनमाड रस्त्यानं राहुरी मागं टाकलं की दोन्हीकडं ऊस लागतो. लोणीचा प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला आणि १९५० साली तो सुरू झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव घेतात. पाण्यामागून ऊस आला, उसामागून पैसा आला आणि पैशामागून घराघरात रेडिओ आला. आधी लाकडी पेटीचा मोठा सेट. त्याला विणलेली झालर, वर फुलदाणी. गच्चीवर दोन बांबूंना बांधलेली एरियलची तार. ठेवायचा तो बाहेरच्या खोलीत, पुरुषमंडळींत. दरवर्षी पोस्टात जाऊन लायसेन्सचे पैसे भरायचे. ही लायसेन्सची पद्धत पुढं १९८० नंतरच्या दशकात गेली.

आता बघा हं, बुधवारचे आठ म्हणजे आपली कुठली वेळ? भाकऱ्यांची. रेडिओ बाहेर, आपण चुलीपुढं. मधे माजघर. गाणं यायचं ते दोन दारांतून, धुरातून, परातीच्या आवाजातून. आवडीचं गाणं लागलं की थापता हात जरा हलका पडायचा. भाकरी तव्यावर नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त राहायची. कुणी बोललंच तर म्हणायचं, जाळ मोठा झाला!

आणि बोलायचे हो लोक. ‘सिनेमाची गाणी’ हा शब्दच तेव्हा कपाळाला आठी घालून उच्चारायचा. गंमत अशी की, याच नगरात जन्मलेले शाहू मोडक प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ज्ञानेश्वर झाले, तेव्हा लोकांनी ते मनोभावे पाहिलं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या जिल्ह्याला याचं कौतुकच वाटलं असणार. म्हणजे सिनेमातला देव चाले, अभंग चाले. सून गुणगुणेल असं प्रेमाचं गाणं तेवढं चालत नसे. रुची मंत्र्यांनी ठरवायची आणि घरात वडीलधाऱ्यांनी. दोघांचाही हेतू चांगला, आणि दोघांनीही एक गोष्ट विचारायची राहून गेली. बाई, तुला काय आवडतं?

माझ्या मते सिलोनची खरी जादू इथं होती. अमीन सायानी बोलायला लागायचे तेव्हा आधी ‘बहनो’ म्हणायचे आणि मग ‘भाइयो’. साधी गोष्ट वाटते, पण ज्या घरात पहिली पंगत पुरुषांची आणि आपण शेवटी, त्या घरात दर आठवड्याला कुणीतरी आपलं नाव आधी घ्यायचं. त्यांची भाषाही अशी की, चौथीपर्यंत शिकलेल्या नगरच्या बाईलाही अडायला होऊ नये. त्याचंही कारण आहे. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षर लोकांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत. सोप्या हिंदुस्तानीतला तोच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापला जाई. लेकानं त्या कामात हात लावला, आणि सोपं बोलण्याचं वळण त्याला तिथं लागलं. आईच्या हाताखाली शिकलेला मुलगा लगेच ओळखू येतो, नाही का?

आणि सिलोन नुसतं गाणी ऐकवून थांबत नसे, आपली पसंती विचारत असे. गीतमालेत पायदानं असत. कुठलं गाणं वर चढलं, कुठलं उतरलं, हे श्रोत्यांची पत्रं, श्रोतासंघ आणि रेकॉर्डच्या खपावरून ठरे. सकाळच्या ‘आप ही के गीत’मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जात. त्याआधीच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं ठरून कुंदनलाल सैगलचं. ते लागलं की आठ वाजत आलेच समजायचं. घड्याळ नसलेल्या घरात पोरांच्या वेण्या त्या गाण्यावर घातल्या जात. फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकायचा मोह कुणाला नसे? पण लग्नाच्या मुलीचं नाव रेडिओवर पुकारलं गेलं तर गावभर चर्चा! मग धाकट्या भावाचं नाव घालायचं. नाव त्याचं, गाणं आपलं.

तिसरा मुक्काम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पाथर्डी, जामखेडकडची गावं, पाऊस कमी, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या निघायच्या ऊसतोडीला, प्रवरेकडं, गोदावरीकडं आणि त्याही पलीकडं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, तिकडचा हिशेबच तसा. पहाटे तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत टाकायच्या आणि रात्री पालात येऊन पुन्हा चूल. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओला विजेची, भिंतीची, बाहेरच्या खोलीची गरज उरली नाही. टोळीत एकाकडं असला तरी सगळ्या पालांना पुरायचा. पहिल्यांदाच रेडिओ चुलीजवळ आला. माझ्या लेखी ट्रान्झिस्टरनं बाईवर केलेला हा फार मोठा उपकार. सेल महाग, म्हणून उतरलेले सेल उन्हात ठेवायचे. तेवढ्यानं आणखी दोन-चार दिवस निघायचे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. एकट्या सिलोनचे गोडवे गाऊन भागणार नाही. सरकारी रेडिओनं आपल्याला काय दिलं? १९५३ साली पुणे केंद्र सुरू झालं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं. लोक रेडिओला हार घालून, हात जोडून बसत. असं काम टूथपेस्टच्या कंपनीनं केलं असतं का? मला नाही वाटत. मुंबई केंद्राचं ‘वनिता मंडळ’ होतं, पुण्याचं ‘माझं घर माझं शेत’ होतं. त्यांनी बाळाचं दूध, लसीकरण, भाज्या टिकवणं असं कितीतरी शिकवलं. तेव्हा केसकरांना खलनायक करण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की, सरकारी रेडिओ आपल्याला सुधारायला येई आणि सिलोन आपल्याला काही विकायला येई. सुधारणारा सांगत असतो, विकणाऱ्याला विचारावं लागतं. आपल्याला दोन्ही हवं होतं, आणि दुसरं घरात मागायची सोय नव्हती.

सरकारलाही ते उमगलं म्हणायचं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. सिनेमाची गाणी सरकारी दारानं परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही लागल्या. ज्याला बाजारू म्हणून नाक मुरडलं होतं, तेच पान मग आपल्या ताटात वाढून घेतलं. ‘जयमाला’सारखा खास फौजींचा कार्यक्रम आला. नगरला तर लष्कराचं चिलखती दलाचं मोठं केंद्र, जिल्ह्यातून फौजेत गेलेली मुलंही पुष्कळ. तो सीमेवर ऐकतोय तेच गाणं आपणही या घटकेला ऐकतोय, एवढ्या विचारावर कितीजणींनी संध्याकाळ काढली असेल! १९८९ साली गीतमालाही सिलोन सोडून विविधभारतीवर आली आणि १९९४ साली थांबली. पुढं नगरला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र झालं, खाजगी एफएमही आले. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेले. त्यांचं वय एक्क्याण्णव होतं.

राहता राहिला प्रश्न त्या टूथपेस्टचा. ज्या घरांत बिनाकाचं नाव दर बुधवारी घुमत होतं, त्यातल्या किती घरांत ती पेस्ट होती? बहुतेकांकडं राखुंडी, काळी पूड नाहीतर कडुलिंबाची काडी. गाणी ऐकायची टूथपेस्टची आणि दात घासायचे राखेनं! व्यापाऱ्यानं आपल्याला गिऱ्हाईक समजून बोलावलं, आपण पोटभर जेवलो आणि काही न घेता हात धुऊन आलो. याला चोरी म्हणायचं का? मी म्हणेन, दिवसभर राबणाऱ्या बाईनं स्वतःपुरता काढलेला तो एक तास होता. त्यानं भाकरी कमी झाली नाही, विड्या कमी वळल्या गेल्या नाहीत, कुणाचं काही अडलं नाही. तरी मनाला टोचणी लागायची, कारण ते सुख कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. मुलांसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, देवासाठीही नाही. फक्त आपलं. आणि फक्त आपलं असं काही असलं की अपराधी वाटायला हवं, हे आपल्याला कोणी शिकवलं, याचा तेवढा विचार करा.

जाता जाता थोडं कामाचं. माळ्यावर जुना रेडिओ असेल तर सेल आत ठेवू नका. ते पाझरतात आणि पट्ट्या गंजतात. धूळ कोरड्या मऊ कुंचल्यानं झाडा, ओलं फडकं लावू नका. जुना मोठा वीजेवरचा सेट जाणकाराला दाखवल्याशिवाय खटक्याला जोडू नका. रेडिओ नसेल तरी अडत नाही. गीतमालेच्या जुन्या गाण्यांचे संच सायानींच्या निवेदनासह निघालेले आहेत आणि विविधभारती मोबाइलवरही लागते. कणीक मळताना, मटार सोलताना लावा. हेडफोन लावून एकटीनं ऐकलंत तरी चालेल. पण एखाद्या बुधवारी आठ वाजता घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा. मग ती सासू असो, आई असो, नाहीतर शेजारच्या आजी. तिला विचारा, तुमच्या वेळचं तुमच्या आवडीचं गाणं कुठलं? आधी ती म्हणेल, मला बाई काही आठवत नाही. जरा थांबा. दोन मिनिटांत नाव सांगेल आणि अंतराही म्हणून दाखवेल.